तांबेऱ्याची वाट

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी नरखेड सोडते आणि थोड्याच वेळात मध्यप्रदेशात शिरते. पांढुर्णा येते, मग तिगाव येते आणि तेथून पुढे गाडीला सातपुड्याचा घाट चढावा लागतो. घाट संपला की मुलताई, आमला, बैतूल. त्यानंतर नर्मदेचे खोरे आणि इटारसी. इटारसीहून भोपाळच्या बाजूस अगदी जवळ पवारखेडा नावाचे एक लहान स्टेशन आहे. बहुतेक प्रवाशांना ते ठाऊकही नसते. परंतु मध्यभारतातील गव्हाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर या लहान स्टेशनाला त्यात मोठी जागा द्यावी लागेल. कारण तेथे १९०३ पासून सरकारी शेतीक्षेत्र आहे आणि गव्हाचे सुधारलेले बियाणे तेथून निघून याच लोहमार्गाने दक्षिणेकडे उतरत आले.

याच भूमीवरून उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणखी एक प्रवासी जातो. त्याला तिकीट लागत नाही, रूळ लागत नाहीत. तो वाऱ्यावर जातो. मराठी शेतकरी त्याला तांबेरा म्हणतो. घाट चढून गेले की त्याचेच नाव गेरुआ होते. बियाणे खाली येते आणि रोग वर जातो, अशा या दुहेरी रहदारीच्या वाटेवर तिगाव वसले आहे.

पांढुर्णा-सौंसरचा हा प्रदेश तसा गव्हाचा मुलूख नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याची ही काळी व मुरमाड जमीन नागपूरच्या मैदानाशी सलग आहे. ज्वारी आणि कापूस ही येथली जुनी पिके, संत्र्यांच्या बागा नंतरच्या. गहू येथे विहिरीच्या पाण्यावर किंवा पावसाळ्यात पड ठेवलेल्या ओलीच्या रानात होई. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर आणि सणावाराला, पाहुण्यारावळ्याला गव्हाची पोळी, अशी जुनी रीत. अशा मुलखात गव्हाचा रोग ही दुय्यम गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. ती तशी का नाही, हे समजण्यासाठी तांबेऱ्याची कुळकथा थोडी मागून सांगितली पाहिजे.

तांबेरा हा माणसाच्या शेतीइतकाच जुना वैरी. प्राचीन रोमन लोक दरवर्षी २५ एप्रिल रोजी रोबिगस नावाच्या देवतेपुढे तांबूस कुत्र्याचा बळी देत. उद्देश एवढाच, की उभ्या पिकाला तांबेरा लागू नये. पुढे रोमन देव गेले, ख्रिस्ती धर्म आला; तरी त्याच तारखेला शेतांसाठी प्रार्थना करीत मिरवणूक काढण्याची प्रथा चर्चने कित्येक शतके चालू ठेवली. देव बदलला, भीती तीच राहिली. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने नर्मदेच्या खोऱ्यात १८३० च्या आगेमागे पडलेल्या तांबेऱ्याचे वर्णन १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. मैलोगणती पसरलेले गव्हाचे हिरवेगार रान असे बुडाले की कापणीचा खर्चही पदरात पडण्याची आशा उरली नाही. लोक कारण शोधू लागले. कोणी म्हणे व्यभिचार वाढला, कोणी म्हणे कचेरीत खोट्या शपथा होऊ लागल्या, कोणी गोमांसभक्षणाकडे बोट दाखवी. आज हे वाचून हसू येते. परंतु फेब्रुवारीत ओंबी भरत असलेले पीक पंधरा दिवसांत गंजलेल्या लोखंडासारखे व्हावे, त्यातून चालणाऱ्याच्या धोतराला तांबडी पूड लागावी आणि मळणीत दाण्याऐवजी चिरमुटलेला कोंडा हाती यावा, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने पापाची आठवण काढली तर त्याला फार दोष देता येणार नाही. अन्य कारण सांगणारे त्याच्या गावात कोणी नव्हते.

त्या शतकाच्या अखेरीस हाच अनुभव अधिक भयंकर रूपाने परतला. १८९३ पासून ओळीने काही रब्बी हंगाम मध्यप्रांतात अवकाळी पावसाने आणि तांबेऱ्याने बुडाले. शेतकऱ्याच्या घरची कणगी रिकामी झाली, सावकाराचे खाते भरले, आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. दुष्काळाचे नाव इतिहासात राहते; त्याच्या आधी दोन-तीन वर्षे ज्याने घरे पोखरली, त्या रोगाचे नाव कोणी घेत नाही.

तांबेरा ही एक सूक्ष्म बुरशी आहे, हे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञाने १७६७ सालीच सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिले होते. गव्हावर तीन तांबेरे पडतात: खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो उत्तरेचा. मध्यभारताला खरी भीती काळ्याची. कारण तो ऊब मानवणारा, ऐन दाणा भरण्याच्या वेळी खोडावर फुटणारा आणि रोपाचा रस मुळापासून ओंबीपर्यंत जाण्याच्या वाटेतच तोडणारा आहे. बुरशीचा कण ओलसर पानावर पडला की रुजतो, पानाच्या सूक्ष्म छिद्रातून आत शिरतो आणि काही दिवसांत कातडी फोडून बाहेर येतो. एकेका फोडातून असंख्य नवे कण वाऱ्यावर उडतात. दव, ढगाळ हवा आणि मधूनमधून पाऊस मिळाला, की एका शेतातून दुसऱ्यात आणि एका तालुक्यातून दुसऱ्यात जाण्यास त्याला दिवस लागतात, महिने नव्हे.

परंतु एक कोडे उरते. मे महिन्यात विदर्भ-मध्यभारताचे ऊन असे असते की जमिनीवर पडलेला बुरशीचा कण भाजूनच निघावा. शेतात गव्हाचे हिरवे पान नसते. मग पुढल्या माघात तांबेरा येतो कोठून? युरोपात या प्रश्नाचे उत्तर सापडले होते. तेथे ही बुरशी आपल्या आयुष्याचा एक भाग बारबेरी नावाच्या काटेरी झुडुपावर काढते, हे जर्मन शास्त्रज्ञ द बारी याने १८६५ मध्ये सिद्ध केले होते. हिंदुस्थानातही तसेच असेल, असे पुष्कळांनी गृहीत धरले. ते गृहीत ज्याने मोडून काढले, त्याचे नाव करमचंद मेहता. आग्रा कॉलेजातील या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२० नंतरची आयुष्याची बहुतेक वर्षे एका प्रश्नाच्या मागे घालविली. सरकारी संशोधनसंस्थेचा मोठा डामडौल हाताशी नसताना एका महाविद्यालयातून त्याने साऱ्या देशाचा तांबेरा मोजला, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मेहतांनी दाखविले की मैदानातील तांबेरा उन्हाळ्यात खरोखरच मरतो. बारबेरीचा आपल्याकडे काही संबंध पोहोचत नाही. आणि रोग दरवर्षी नव्याने डोंगरांवरून येतो. उत्तरेस हिमालय, दक्षिणेस निलगिरी व पळणीचे डोंगर. तेथे हवा बाराही महिने थंड, गव्हाची रोपे उन्हाळ्यातही हिरवी असतात, आणि त्या हिरवाईवर तांबेरा आपला उन्हाळा काढतो. १९४० साली त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. निलगिरीवरील बेमोसमी गव्हाचे पीकच काही काळ बंद करावे, असा उपायही त्यांनी सुचविला होता. १९५० मध्ये ते वारले.

वाऱ्याची ही वाट पुढे १९७० नंतरच्या दशकात नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक नेमकी आखली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळ उठते व द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर येते. त्या वेळी हवेचा प्रवाह अनुकूल असला, तर निलगिरीवरचे कण शेकडो मैल उत्तरेस ओढले जातात आणि मध्यभारतावर पडणाऱ्या पावसाबरोबर खाली उतरतात. तेव्हा गव्हाची पेरणी नुकतीच झालेली असते. शेतकरी मावठ्याचा पाऊस पाहून संतुष्ट होतो. त्या पावसातून काय आले, हे त्याला फेब्रुवारीत कळते.

१९४६-४७ च्या हंगामात नेमके असेच घडले. त्या हिवाळ्यात पाऊस वारंवार पडला, हवा उबदार व दमट राहिली, आणि काळ्या तांबेऱ्याने मध्यप्रांत, मध्यभारतातील संस्थाने आणि मुंबई इलाख्याचा गव्हाचा टापू व्यापला. देशाचे नुकसान सुमारे वीस लाख टनांचे झाले असे मानले जाते. काळ कोणता होता हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. बंगालच्या दुष्काळाला चार वर्षेही झाली नव्हती, शहरांत शिधापत्रिकेवर धान्य मिळत होते, आणि स्वातंत्र्य पाच-सहा महिन्यांवर आले होते. नव्या राष्ट्राने परक्या देशांकडे धान्य मागत जगात पाऊल टाकले, त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण गव्हाच्या खोडावर बसलेले होते.

औषध फवारून हा रोग आटोक्यात आणणे त्या काळी लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. उपाय एकच होता: ज्या गव्हाला तांबेरा लागत नाही, तो गहू पेरणे. असा गहू असू शकतो आणि त्याचा हा गुण बापाकडून मुलाकडे यावा तसा ठरलेल्या नियमाने पुढल्या पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत दाखविले होते. रोगप्रतिकारक रोपात बुरशी शिरली, की तिच्या सभोवतालच्या पेशी स्वत:च मरून जातात आणि जिवंत पेशीवरच जगणारी बुरशी उपाशी मरते. किल्ल्याचा बाहेरचा बुरूज आपणच पाडून शत्रूला आत आसरा न ठेवण्यासारखी ही युक्ती आहे.

यात मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा एक दुवा आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे खीर आणि पुरणपोळीसाठी पेरला जाणारा खपली गहू तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. अमेरिकेत स्टॅकमन व त्यांचे सहकारी काळ्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या जाती ओळखण्याची पद्धत बसवीत होते. त्यांनी १९२० नंतर जे बारा कसोटीचे गहू निश्चित केले, त्यांत एकाचे नाव 'खपली' असेच ठेवलेले आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर तेथल्या गव्हाशी करून 'खपस्टीन' नावाचा वाण काढला. आपल्या कृष्णाकाठचे हे नाव जगभरच्या गहूशास्त्रात रूढ झाले. आपण मात्र खपलीला सणाचे धान्य म्हणून एका कोपऱ्यात ठेवले आणि तिचे क्षेत्र घटू दिले.

मुंबई इलाख्यात गव्हाचे काम नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या संशोधनकेंद्रात चाले. तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला स्वतंत्र केंद्र होते, कारण तेथली हवा रोगाला मानवणारी. निफाडच्या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतील केनियाचे रोगप्रतिकारक गहू आणून त्यांचा 'निफाड ४' शी संकर केला. त्या संततीचे नाव दोन्ही कुळे सांगणारे आहे: केनफड. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत बी. पी. पाल यांनी दीर्घ खटपटीनंतर तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा 'एन. पी. ८०९' हा वाण १९५४ मध्ये दिला. त्याआधी १९५१ मध्ये त्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र इंदूरला निघाले होते. पवारखेड्याहून आलेला 'हायब्रिड ६५' कोरडवाहू रानात नाव मिळवून होता. पिस्सी, काठिया, जलालिया हे नर्मदाखोऱ्याचे जुने गहू हळूहळू मागे हटू लागले.

हळूहळू हा शब्द मुद्दाम वापरला आहे. संशोधनाचा इतिहास लिहिणारे वाण प्रसारित झाल्याची तारीख देतात आणि थांबतात. वाण दिल्लीत किंवा निफाडात जन्मतो. तिगावसारख्या गावातील दोन-तीन एकरांच्या धन्याच्या रानात तो कधी पोहोचतो, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडेसे गणित मांडल्याशिवाय मिळत नाही.

ज्वारीचे बी एकराला तीन-चार किलो पुरते. गव्हाला चाळीस किलो लागते. ज्वारीचे नवे बियाणे शेतकरी धोतराच्या सोग्यात बांधून आणू शकतो. गव्हाचे आणावयाचे तर पोते आणि बैलगाडी हवी, आणि त्याचे रोख पैसे हवेत. समजा, एक क्विंटल नवे बियाणे ओलिताच्या शेतकऱ्यांना मिळाले. त्यात अडीच एकर पेरले जातील. एकरी दहा क्विंटल पिकले तर पंचवीस क्विंटल बी झाले. ते पुढल्या वर्षी बासष्ट एकरांना पुरेल, आणि त्याच्या पुढल्या वर्षी दीड हजार एकरांच्या वर. आता हेच बियाणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती द्यावे. एकरी तीन क्विंटलांनी अडीच एकरांत साडेसात क्विंटल; पुढल्या वर्षी एकोणीस एकरांपेक्षा कमी; तिसऱ्या वर्षी एकशेचाळीस. म्हणजे पाणी असलेल्याकडे जे तीन हंगामांत होते, त्याला पाणी नसलेल्याकडे कितीतरी अधिक काळ लागतो. आणि हा हिशेब एकही दाणा न खाता, न विकता केलेला आहे. गरीब घरात बियाणे आणि अन्न ही एकाच कणगीत असतात. वर्ष वाईट गेले की माणसे आधी जगतात.

मालगुजारीच्या दिवसांत शेतकीखाते सुधारलेले बियाणे बहुधा मालगुजारांच्या घरच्या शेतीवर वाढवून घेई. तेथून ते कुळांना उसने मिळे. कुणाला सवाईने, म्हणजे चार पायल्यांना पाच परत करण्याच्या बोलीने. कुणाला त्याहून कडक अटीने. पद्धत अन्यायाची होती. परंतु गावातल्या गावात बी मिळत होते, हेही खरे. मध्यप्रदेशात १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. १९५२ मध्ये समाजविकास योजना व पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. ग्रामसेवक सायकलवरून हिंडू लागला, सहकारी सोसायट्यांच्या गोदामांत बियाण्याची पोती येऊ लागली. १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या आकाशवाणी केंद्रावरून मराठीत शेतीविषयक बोलणे कानी पडू लागले. मालगुजाराची जागा कार्यालयाने घेतली. कार्यालय सवाई मागत नव्हते. मात्र पेरणी साधून गेल्यावर बियाणे येण्याची तक्रार तेव्हापासून गावोगाव ऐकू येऊ लागली, आणि ती अजून थांबलेली नाही.

१९६५-६६ मध्ये मेक्सिकोचे बुटके गहू आले, १९६७ मध्ये त्यांच्यातून निवडलेले 'कल्याणसोना' व 'सोनालिका' सर्वत्र पसरले. देशाची भूक भागविण्यात त्यांचा वाटा केवढा मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको. परंतु तांबेऱ्यानेही या काळात स्वस्थता धरली नव्हती. एकाच कुळीचा गहू हजारो मैल पेरला गेला की बुरशीला एकच कुलूप उघडावयाचे असते. १९७० नंतर थोड्याच वर्षांत पानावरच्या तांबेऱ्याने 'कल्याणसोना'चे कुलूप उघडले. रोगप्रतिकार हा गव्हाला एकदा दिला की कायमचा राहणारा गुण नव्हे. बुरशी आपली जात बदलते आणि वाण होता तेथेच राहतो. म्हणून दर काही वर्षांनी बियाणे बदलावे, असे शास्त्र सांगते.

येथे शास्त्राची गाठ स्वयंपाकघराशी पडते. गहू स्वपरागित आहे. घरचे बी वर्षानुवर्षे राखले तरी वाण बिघडत नाही, असा शेतकऱ्याचा अनुभव आहे आणि तो बराचसा खराही आहे. मग जो गहू चांगली पोळी देतो, तो त्याने का सोडावा? या बाबतीत 'लोक-१' ची कथा बोलकी आहे. भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथे नानाभाई भट्टांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या लोकभारती या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी हा वाण काढला व १९८० नंतर तो प्रसारित झाला. ना मोठे विद्यापीठ, ना मोठा निधी. परंतु गहू असा उतरला की गुजरात, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या तिन्ही प्रांतांत तो शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना दिला. दाणा टपोरा, पीक लवकर हाती येणारे, उशिरा पेरला तरी साधणारे, पोळी मऊ. सोयऱ्याच्या घरून पोते आले, पुढल्या वर्षी शेजाऱ्याने मागितले, आणि पाच वर्षांत गाव 'लोकवन'चे झाले. अजूनही बाजारात गहू घेणारी गृहिणी लोकवन हे नाव घेऊन भाव विचारते. सरकारी प्रसारयंत्रणेने या लहान संस्थेपासून शिकावे असे पुष्कळ आहे. आणि तरीही हे सांगितलेच पाहिजे, की 'लोक-१' तांबेऱ्याला बळी पडतो. शेतकऱ्याचा हा सर्वांत आवडता गहू रोगाचाही आवडता आहे.

यावर निलगिरीतील वेलिंग्टन येथे एक शहाणपणाचा मार्ग काढण्यात आला. तेथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. म्हणजे तांबेऱ्याच्या माहेरघरीच ठाणे दिलेले. शेतकऱ्याला त्याचा गहू सोड असे म्हणण्याऐवजी त्याच्याच गव्हात रोगप्रतिकाराचा गुण पुन:पुन्हा संकर करून भरावयाचा, असे तेथील संशोधकांनी ठरविले. पोळीसाठी नावाजलेल्या 'सी ३०६' मध्ये हा गुण भरून त्यांनी 'अमर' या नावाचा वाण तयार केला. नाव ठेवताना थोडी घाई झाली, हे पुढे दिसेल.

आता पुन्हा तिगावकडे यावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्रात. पांढुर्णा-सौंसरचा मराठी भाग मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. भाषेच्या दृष्टीने या सीमेची चर्चा पुष्कळ झाली, गव्हाच्या दृष्टीने कोणी केली नाही. १९६५ मध्ये अखिल भारतीय गहू योजना सुरू झाली आणि देशाचे हवामानानुसार विभाग पाडले गेले. मध्यप्रदेश मध्यविभागात, महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात. वाणाची शिफारस विभागवार होते. त्यामुळे नरखेड किंवा वरुडच्या शेतकऱ्याला जो गहू सुचविला जातो तो एका यादीतला, आणि तेथून काही कोसांवरच्या तिगावच्या शेतकऱ्याला दुसऱ्या यादीतला. माती तीच, हवा तीच, लग्नसंबंध एकमेकांत. बियाणे अर्थातच सोयरिकीच्या वाटेने इकडून तिकडे जाते. परंतु त्यासोबत यावयाची माहिती, म्हणजे हा वाण आता रोगाला बळी पडू लागला आहे ही सूचना, ती मात्र सीमेवर अडते. तिगावच्या माणसाला ती हिंदीत मिळावयाची असते, आणि त्याचे कान नागपूरकडे असतात.

ही गोष्ट एका तालुक्यापुरती असती, तर तिची एवढी मातबरी नव्हती. परंतु काळा तांबेरा दक्षिणेकडून येतो. निलगिरीहून निघालेले कण कर्नाटक, महाराष्ट्र आणि मग नर्मदेचे खोरे अशा टप्प्यांनी वर सरकतात. या टप्प्यांवर जर बहुतेक शेतांत रोगप्रतिकारक गहू उभा असेल, तर रोगाला मुक्काम मिळत नाही आणि उत्तरेच्या मोठ्या गहूप्रदेशावर त्याचा भार पडत नाही. दक्षिणेत व मध्यभारतात एका प्रकारचा प्रतिकार असलेले वाण आणि उत्तरेत दुसऱ्या प्रकारचे, अशी आखणी संशोधकांनी याच विचाराने सुचविली आहे. १९४७ सारखी सर्वनाशी साथ मध्यभारतात पुन्हा आली नाही, याचे मोठे श्रेय निफाड, पवारखेडा, इंदूर आणि वेलिंग्टन या ठाण्यांना आहे. परंतु त्या आखणीचा अखेरचा पहारेकरी संशोधक नाही. ज्याला ओलिताची दोन एकर जमीन आहे आणि कणगीत तीन पोती घरचे बी आहे, तो शेतकरी आहे. त्याच्या रानात गहू थोडाच असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. बुरशीला मात्र मुक्कामासाठी तेवढे रान पुरते.

१९९८-९९ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात सापडली. तिला 'यूजी ९९' हे नाव पडले. जगातील गव्हांचा फार मोठा भाग ज्या एका प्रतिकारगुणावर विसंबून होता, तोच तिने मोडला. तेथून ती केनियात, मग येमेनात आणि २००७ पर्यंत इराणात पोहोचली. २००६ मध्ये केनियात तिचा जो पोटभेद सापडला, त्याने आणखी एक गुण निकामी केला. 'अमर' या वाणात भरलेला गुण तोच. तेव्हापासून भारतीय गव्हाचे नमुने केनियातील एन्जोरो येथे नेऊन मुद्दाम त्या रोगात उभे करण्यात आले आहेत आणि जे टिकले त्यांच्यातून पुढची निवड झाली आहे. निफाडच्या केनफडला ज्या देशाने आपले रक्त दिले, त्याच देशात पुन्हा जावे लागले. इंदूरच्या केंद्राने गेल्या काही वर्षांत दिलेल्या 'पूर्णा', 'पूसा तेजस' अशा वाणांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मुख्य अडचण तीच जुनी आहे: एकरी चाळीस किलो, रोख पैसे आणि पेरणीपूर्वी पोहोचणारे पोते.

तांबेऱ्याच्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी देशात अनेक ठिकाणी दर हिवाळ्यात लहान लहान वाफे पेरले जातात. त्यांत नवे, बलवान गहू असतात, आणि त्यांच्या शेजारी एक जुना, दुबळा गावठी गहू मुद्दाम पेरतात. हवेत रोगाचे कण आले असतील तर पहिला फोड त्याच्या अंगावर उठावा, एवढ्यासाठीच त्याला राखले आहे. त्या गव्हाचे नाव 'आग्रा लोकल' असे आहे. करमचंद मेहता ज्या गावच्या महाविद्यालयात शिकवीत, त्या गावचा. माघातल्या दवात कोणीतरी गुडघ्यावर बसून त्याचे पान उलटून पाहतो, बोट फिरवतो, आणि बोटाला तांबडी पूड लागली की तारीख लिहून ठेवतो.